पुस्तक वाचले, पण उमगले किती?

शालेय शिक्षणाच्या दर्जाविषयीचा एखादा अहवाल प्रसिद्ध झाला की आठवडाभर चर्चा होते, आकडे उद्धृत केले जातात, शिक्षकांना आणि सरकारला दोष दिला जातो आणि पुढील अहवालापर्यंत सारे शांत होते. जानेवारी २०२५ मध्ये 'असर'चा २०२४ सालचा अहवाल आला, त्याच वर्षी जुलैमध्ये 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले. दोन्ही वेळा हेच घडले. परंतु या आकड्यांच्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न बाजूलाच राहतो. आपण मुलांचे वाचन तपासतो, म्हणजे नेमके काय तपासतो? मूल अक्षरे जोडून वाक्य उच्चारू शकते का, हे आपण पाहतो. दहा ओळींच्या उताऱ्याखालील चार पर्यायांपैकी योग्य पर्यायावर ते खूण करते का, हेही पाहतो. मात्र सातवीतील मुलाने दोनशे पानांची एखादी कादंबरी सलग वाचली, तर त्यातील माणसे, त्यांचे निर्णय आणि त्या निर्णयांची किंमत त्याला कळली का, हे तपासण्याची कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही. किंबहुना, अशी कादंबरी त्याच्या हाती देण्याचीच व्यवस्था नाही.

अमेरिकेतील माध्यमिकपूर्व वर्गांत, म्हणजे साधारणपणे आपल्या सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, गॅरी पॉल्सन यांची 'हॅचेट' ही १९८७ सालची कादंबरी मोठ्या प्रमाणावर वाचली जाते. ब्रायन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा वडिलांना भेटण्यासाठी छोट्या विमानाने निघालेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान कॅनडाच्या अरण्यातील एका सरोवरात कोसळते. आईने भेट दिलेली एक लहान कुऱ्हाड एवढेच त्याच्यापाशी उरते. त्या बळावर तो ५४ दिवस तग धरतो. आगपेटी नसताना दगडावर कुऱ्हाड आपटून ठिणगी पाडतो, कासवाची अंडी खातो, चुकतो आणि त्यातून शिकतो. आई-वडिलांच्या घटस्फोटामागचे एक गुपितही त्याच्या मनात असते आणि सुटका झाल्यावरही ते तो वडिलांना सांगत नाही.

या कादंबरीवर जे प्रश्न विचारले जातात, त्यांचे दोन प्रकार पडतात. ब्रायन किती दिवस अरण्यात होता, त्याच्याजवळ कोणते हत्यार होते, विमान कशात पडले, हे झाले पहिल्या प्रकारचे. 'अॅक्सिलरेटेड रीडर' नावाचा संगणकीय चाचण्यांचा कार्यक्रम १९८६ पासून तेथे रूढ झाला. पुस्तक वाचायचे, लगेच बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आणि गुण मिळवायचे, अशी त्याची रीत आहे. मुलाने पुस्तक उघडले होते की नाही, हे त्यातून समजते. त्यापलीकडे फारसे समजत नाही, ही त्यावरील जुनी टीका आहे. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न निराळे असतात. आरंभी सुटकेची वाट पाहणारा ब्रायन कोणत्या प्रसंगानंतर स्वतःवर विसंबू लागतो? वडिलांपासून त्याने गुपित का दडवले असावे? या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही एका ओळीत सापडत नाही. अनेक प्रकरणांत विखुरलेल्या खुणा गोळा करून ते मुलाला स्वतः बांधावे लागते. आकलन म्हणतात ते यालाच.

जगण्याच्या धडपडीची कथा आकलनाच्या परीक्षेसाठी विशेष उपयुक्त ठरते, याचे कारणही येथेच आहे. अशा कथेत प्रत्येक कृतीला कारण असते आणि प्रत्येक चुकीचा परिणाम पुढे भोगावा लागतो. नायकाला परिसरातील खुणा वाचाव्या लागतात आणि वाचकाला नायकाच्या मनातील. कार्यकारणभावाची ही साखळी मध्येच तुटली, तर पुढचे काहीच लागत नाही. त्यामुळे मूल कोठे अडखळले, हे शिक्षकाला चटकन दिसू शकते.

आता आपल्याकडे पाहू. 'असर'चे सर्वेक्षण २००५ पासून सुरू आहे आणि त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. २०२४ च्या फेरीत देशातील ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील साडेसहा लाखांच्या आसपास मुलांपर्यंत स्वयंसेवक पोहोचले. सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला आणि आठवीत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे आठवीतील तीनांपैकी जवळजवळ एका मुलाला दुसरीची गोष्टही नीट वाचता येत नाही. हे चित्र चिंताजनक आहेच. पण उरलेल्या दोघांचे काय? त्यांना 'वाचता येते' असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः 'असर'ची चाचणी मोठ्याने, अस्खलितपणे वाचता येते का एवढेच पाहते. त्याहून अधिक पाहण्याचा तिचा दावाही नाही. अडखळण्याचा टप्पा ओलांडलेली मुले पुढे काय समजून घेतात, याचे उत्तर तेथे शोधणे अन्यायाचे ठरेल.

४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या 'परख' सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या एकवीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी झाली. सहावीची भाषेतील राष्ट्रीय सरासरी ५७ टक्के, तर गणितातील ४६ टक्के आली. मात्र ही परीक्षा बहुपर्यायी असून तिचे उतारे छोटे असतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर तुलना करावी, तर आपण तेथे फारसे फिरकतच नाही. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांनी 'पिसा' चाचणीच्या २००९ च्या विस्तारित फेरीत भाग घेतला आणि ७४ सहभागींमध्ये ती तळाशी, केवळ किरगिझस्तानच्या वर राहिली. त्यानंतर भारत त्या चाचणीत उतरलेला नाही. चौथीच्या मुलांसाठी २००१ पासून दर पाच वर्षांनी होणाऱ्या 'पर्ल्स' या वाचनचाचणीत संपूर्ण गोष्ट दिली जाते आणि मुलांकडून चार गोष्टी अपेक्षित असतात. मजकुरातील माहिती शोधणे, सरळ अनुमान काढणे, विखुरलेल्या गोष्टी जोडून अर्थ लावणे आणि मजकुराचे मूल्यमापन करणे. यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांपाशीच आपल्या बहुतेक चाचण्या थांबतात.

महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१० मध्ये राज्याने आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांना तीत स्थान दिले. 'संदर्भासह स्पष्टीकरण' आणि 'कोण कोणास म्हणाले' या पठडीतून बाहेर पडून भाषा विषयांसाठी कृतिपत्रिका आली. तीत आकलनाच्या कृती आहेत, स्वमत आहे, स्थूलवाचनाचा विभाग आहे. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षाही परत आली. परंतु परीक्षेची चौकट बदलली तरी बाजारातील गाइड तिच्या मागोमाग येते. 'तुमचे मत लिहा' या प्रश्नाचेही तयार मत छापून मिळते आणि वर्गातील चाळीस मुलांची 'स्वमते' शब्दशः सारखी निघतात. स्थूलवाचनाच्या नावाखाली दोन-तीन पानांचे पाठ असतात. स्थूलवाचन म्हणजे मुलाने स्वतःहून, स्वतःच्या गतीने, सलग मोठे पुस्तक वाचणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ लोप पावला आहे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या शाळांपेक्षा ईटसारख्या गावात अधिक तीव्रतेने उभा राहतो. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील, बालाघाटच्या माळरानावरचे हे गाव. भूम तालुका बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांना लागून आहे. अवर्षण, कोरडवाहू शेती, दुधाचा आणि खव्याचा जोडधंदा, तसेच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे हे या पट्ट्याचे वास्तव आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांत तत्कालीन उस्मानाबादचा समावेश झाला, तो उगाच नव्हे. याच जिल्ह्याने जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. साहित्याविषयीची आस्था येथे आहे. मात्र ती मंडपातून सातवीच्या वर्गापर्यंत पोहोचत नाही.

समजा, या वर्गापुढे 'हॅचेट' किंवा तिचा मराठी अवतार ठेवला आणि त्यावर चाचणी घेतली, तर काय होईल? येथे १९८८ सालचा एक गाजलेला प्रयोग आठवतो. डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉलची जाण होती, काहींना नव्हती. निष्कर्ष असा निघाला, की वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांनी वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांवर मात केली. आकलन हे केवळ भाषेचे कौशल्य नाही. मजकुरातील जगाशी वाचकाची आधीची ओळख किती आहे, यावरही ते अवलंबून असते. या निष्कर्षाचा आपल्या चाचणीकारांनी पुरेसा विचार केलेला दिसत नाही. शहरी मॉल, मेट्रो, विमानतळ यांवरील उतारा ग्रामीण मुलाला अवघड जातो, तेव्हा नापास कोण होते, मूल की उतारा?

कॅनडातील सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य ईटच्या मुलाने पाहिलेले नसते. परंतु सरपण गोळा करून चूल पेटवणे, पाण्यासाठी वणवण, साप-विंचवाचे भय आणि उघड्यावर काढलेली रात्र हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. थळात कोपीत राहून आलेल्या मुलाला आडोसा म्हणजे काय, हे शब्दकोशात पाहण्याची गरज नसते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूम परिसरात पुराने वेढलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. जी मुले त्या पाण्यातून गेली, त्यांच्यासाठी सुटकेची वाट पाहणे ही कल्पित गोष्ट राहिलेली नाही. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ याच जिल्ह्यातील येडशी रामलिंग अभयारण्यात मुक्कामी आला. रान येथे फार दूर नाही.

म्हणूनच पुस्तकाची निवड महत्त्वाची ठरते आणि त्यासाठी थेट अमेरिकेतून कादंबरी आयात करण्याचे कारण नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयर्लिंग' या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद मराठीत केव्हाच स्थिरावला आहे. फ्लोरिडाच्या रानात राहणारे बॅक्स्टर कुटुंब आणि त्यांचा एकुलता मुलगा ज्योडी यांची ही कथा. वडिलांना साप चावतो. विष उतरवण्यासाठी ते एका हरिणीला मारून तिचे काळीज वापरतात आणि तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. ते पाडस मोठे होते आणि शेतातील कोवळे पीक खाऊ लागते. पीक गेले तर कुटुंबाची उपासमार निश्चित. शेवटी वडील त्याला मारण्यास सांगतात. समुद्रातील झुंज हवी असेल, तर हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने केलेला अनुवाद आहे. शेजारच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानाविषयी मराठीत लिहिले. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीचे लेख भरभरून आले. त्यांची पुस्तके किती शाळांच्या कपाटांत आहेत, ही चौकशी मात्र कोणी केली नाही.

'पाडस'वरील प्रश्न आता तपासून पाहू. 'ज्योडीच्या वडिलांना काय चावले?' याचे उत्तर पाठ करून देता येते. 'वडिलांनी हरिणीला का मारले?' येथे दोन घटना जोडाव्या लागतात. 'पाडसाला मारण्याचा वडिलांचा निर्णय योग्य होता का? कादंबरीतील प्रसंगांच्या आधारे सांगा,' या प्रश्नापाशी खरी परीक्षा सुरू होते. मराठवाड्यात हरणांचे कळप आणि रानडुकरे उभ्या पिकाची नासाडी करतात, हे शेतकऱ्याच्या मुलाने पाहिलेले असते. पेरणी मोडली तर घरात काय होते, हेही त्याला माहीत असते. पाडसावर माया करणाऱ्या ज्योडीचे दुःख आणि पीक राखू पाहणाऱ्या बापाची असहायता या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी समजू शकतो. पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा किंवा मांजर एवढेच ठाऊक असलेल्या शहरी मुलाला बाप सहज क्रूर वाटेल. येथे ईटचे मूल मागे नाही, चार पावले पुढे आहे. आजवरच्या कोणत्याही चाचणीने ही गोष्ट टिपलेली नाही.

अर्थात याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. जे मूल साप, पीक आणि दुष्काळ जाणते, ते पुस्तक न वाचताही अंदाजाने उत्तर देऊ शकते. ते उत्तर शहाणपणाचे असेल, पण ते वाचनाचे आकलन ठरणार नाही. म्हणून 'कादंबरीतील कोणत्या प्रसंगावरून असे म्हणता?' हा पुरवणी प्रश्न प्रत्येक उत्तरामागे हवाच. अनुभव आकलनाला वाट करून देतो. तो आकलनाची जागा घेऊ लागला, तर मूल पुस्तकात केवळ स्वतःचेच प्रतिबिंब पाहत राहील. अनोळखी माणसाच्या मनात शिरण्याची वाचनाची मूळ शक्ती मग वापरलीच जाणार नाही.

भाषेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. अनुवादित कादंबरीची मराठी ग्रांथिक असते आणि ईटमधील मुलाची बोली मराठवाडी वळणाची. त्याला आशय समजलेला असतो, पण प्रमाणभाषेत चार वाक्ये लिहिताना तो अडतो आणि परीक्षक त्याला 'आकलन नाही' असा शेरा देतो. आकलन आणि लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तपासायची असेल, तर तोंडी उत्तराला आणि बोलीतील उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतील.

यावर हमखास येणारे आक्षेप ठरलेले आहेत. शिक्षकांना वेळ नाही, हा पहिला. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांत शिक्षक पिचून गेला आहे, हे खरेच आहे. पण म्हणूनच आणखी एक राज्यस्तरीय चाचणी, तिची उत्तरसूची आणि तिचे गुण पोर्टलवर भरण्याचा सोपस्कार येथे अभिप्रेत नाही. वर्षातून एक पुस्तक, वीस प्रती, दोन-दोन मुलांत एक प्रत, भाषेच्या आठवड्यातील दोन तासिका आणि शेवटी प्रत्येक गटाशी पंधरा मिनिटांची चर्चा एवढेच पुरे आहे. पुस्तकांना पैसे नाहीत, हा दुसरा आक्षेप. 'बालभारती'ची स्थापना १९६७ मध्ये झाली आणि तिचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. इतकी जुनी यंत्रणा हाताशी असताना दरवर्षी एक कादंबरी स्वस्त आवृत्तीत शाळांना पुरवणे अशक्य नाही. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव उभे राहिले, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, महावाचन उत्सवही झाले. उत्सवांना तोटा नाही. उणीव आहे ती उत्सव संपल्यानंतर मुलाच्या दप्तरात राहणाऱ्या पुस्तकाची.

वेळापत्रकाचा विचारही स्थानिकच हवा. दिवाळीच्या आगेमागे कोयते उचलून कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहांची सोय असली, तरी अनेक मुले पालकांसोबतच जातात. या भागात सलग वाचनाचा उपक्रम जुलै ते सप्टेंबरमध्येच पूर्ण व्हायला हवा. तो डिसेंबरात घेतला, तर ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, तीच मुले वगळली जातील आणि वर्गाची सरासरी मात्र सुधारलेली दिसेल. अशा सरासरीइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कादंबरी समजली नाही तर काय बिघडते? याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळते. २०२० च्या खरिपात पावसाने पीक गेले, तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांत न दिल्याच्या कारणावरून हजारो शेतकऱ्यांना विमा नाकारण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये न्याय शेतकऱ्यांच्या बाजूने झाला, पण त्यासाठी दोन वर्षे झगडावे लागले. दोष शेतकऱ्यांच्या वाचनाचा नव्हता, हे न्यायालयातच स्पष्ट झाले. तरीही एक गोष्ट उरते. अटींच्या दाट मजकुरात दडलेला हेतू ओळखणे, एका पानावरील वाक्य दुसऱ्या पानावरील अटीशी जोडणे आणि 'हे कशाच्या आधारे म्हणता?' असा उलट प्रश्न करणे ही नागरिकाची हत्यारे आहेत. ज्योडीच्या बापाने पाडसाला मारण्यास का सांगितले, याचा पुराव्यानिशी वाद घालणारे मूलच पुढे कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी थांबून विचार करील.

तेव्हा पुढील अहवाल येईल, त्या वेळी टक्का वाढला की घसरला, एवढ्यावरच चर्चा थांबू नये. जिल्हा परिषदेने भूम तालुक्यातील चार-पाच शाळांत, ईटपासून सुरुवात करून, एका पावसाळ्यात हा प्रयोग करून पाहावा. त्यातून क्रमवारी लावू नये आणि शाळेला श्रेणीही देऊ नये. कोणत्या प्रश्नापाशी मुले अडली आणि का अडली, एवढेच शिक्षकांनी नोंदवून ठेवावे. अशा नोंदींची पाच-पन्नास पाने कोणत्याही सरासरीपेक्षा अधिक सांगून जातील. आपली मुले वाचतात की नाही, याची मोजदाद भरपूर झाली. वाचलेले त्यांना कितपत पोहोचते, हे ऐकून घेण्यासाठी त्यांच्यासमोर बसण्याची वेळ आता आली आहे.